सातशे पावलं

कारागांदा,
१४ ऑगस्ट १९९४

ती. ऊर्किया अपास,
सा. न. वि. वि.

पाकिटावर नाव तुझं असलं तरी हे पत्र साऱ्या तासबुलाक गावाला वाचून दाखव. ज्यांच्या कुरणात आकाशातून दोन माणसं मरून उतरली, ज्यांनी त्या जागेभोवती पंचवीस वर्षं मेंढ्या चारल्या, आणि ती माणसं कशाने मेली हे ज्यांना आजवर कुणी सांगितलं नाही, त्या तुम्हा-आम्हा सगळ्यांची तक्रार एकच आहे. आपल्याला दगड दिला, दर ऑक्टोबरात मोटारभर अधिकारी दिले, कागदी फुलं दिली. कारण दिलं नाही.

आता कारणही येतंय म्हणे. अल्माटीचा झुमादिल नावाचा एक गृहस्थ इथल्या वर्तमानपत्रात दर रविवारी संख्यांवरून माणसांचं नशीब सांगतो. पूर्वी लोक ज्या भक्तीने पंचवार्षिक योजनेचे आकडे वाचत, त्याच भक्तीने आता याचे वाचतात. त्याने लिहिलंय की ते अंतराळयान उतरलं सात ऑक्टोबरला. साल एकोणीसशे एकोणसत्तर. त्यातले आकडे जोडले की पंचवीस, आणि दोन नि पाच सात. यंदा पंचवीस वर्षं पुरी होतात, म्हणजे पुन्हा सात. तेरेखिन आणि पिचुगिन ही दोघांची आडनावं रशियन लिपीत सात-सात अक्षरांची. तात्पर्य काय, तर त्यांना वरून बोलावणं आलं होतं, ते ठरल्या घटकेला गेले, आणि दोष कुणाचाच नाही. येत्या सात ऑक्टोबरला नवा दगड बसवणार आहेत. त्यावर हे सारे सात कोरणार.

अपा, माझ्या बुटाचं माप त्रेचाळीस आणि घराचा क्रमांक चौतीस. माझं बोलावणं कधी येतंय ते झुमादिललाच विचारायला हवं. पण चेष्टा पुरे. त्या यानाचं दार कुणीतरी बंद केलं होतं. ते तपासलं अशी कुणीतरी सही केली होती. तो माणूस आज कुठेतरी पेन्शन खात बसला असेल, आणि सात या आकड्यावर गुन्हा शाबीत झाला की त्याला चहा अधिक गोड लागेल. नियतीचं नाव मेलेल्यांच्या सन्मानासाठी घेतात असं आपल्याला वाटतं. ते घेतलं जातं जिवंतांच्या सुटकेसाठी. मी वर्गात वीस-बावीस वर्षं हेच ओरडत आलो.

यानापाशी पहिला पोचलेला माणूस म्हणून झुमादिलला कोकेंची साक्ष हवी आहे, असंही छापलंय. आपले वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना या तमाशात उभं करू नकोस. तो आलाच तर दारातूनच परत पाठव.

गुडघा बरा आहे. शाळेत कोळसा अजून आलेला नाही, पोरं कोट घालून बसतील. तुझी माया आजवर माझ्या वाट्याला आली तशीच येत राहो.

तुझा भाऊ,
एरसाइन


तासबुलाक,
२९ ऑगस्ट १९९४

चि. एरसाइनजान यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. म्हणालास तसं गावाला वाचून दाखवलं. पोस्टातली बिबिश म्हणाली की तुझा भाऊ पत्रसुद्धा खुर्चीवर उभा राहून लिहितो की काय, कागद हातात धरला तरी कान दुखतात. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि कोळशाचं ऐकून हळहळले.

पण पत्र उशिरा आलं. झुमादिल त्याच्या दोन दिवस आधीच येऊन गेला होता. दारातून परत पाठव म्हणतोस. पाहुण्याला दारातून परत पाठवणारी बाई तासबुलाकात अजून जन्मायची आहे. तो शुक्रवार होता. त्या दोघांच्या नावाने मी तेलात कणकेचे शेल्पेक तळत होते, सात. त्याने मोजले आणि टाळीच वाजवली. मी म्हटलं की आम्ही मेलेल्या सगळ्यांसाठीच सात तळतो. आईसाठी तळतो, आणि दारू पिऊन कालव्यात बुडाला त्या बिबिशच्या काकासाठीही तळतो, मग त्याचंही बोलावणं वरूनच होतं का? तो हसला, म्हणाला की अपा, तुम्ही फार तिखट. पण चार शेल्पेक खाल्ले.

मग कोके बोलायला लागले. मी पडद्यामागे कणीक मळत होते. जे त्यांनी आपल्याला, आईलासुद्धा कधी सांगितलं नाही, ते त्या परक्या माणसाला सांगितलं.

छत्री उतरताना दिसली तशी त्यांनी घोडा चौखूर उधळला. टेकाडावर पोचले आणि खाली यान दिसलं. काळवंडलेलं, गोल, एखाद्या छोट्या तंबूएवढं. आत माणसं आहेत हे त्यांना कळलं. आणि तिथे त्यांनी लगाम ओढला. उरलेलं अंतर घोडा पावलापावलाने नेला. का, ते तुला सांगायला नको. माणसं असतील त्या घरावर दौडत जायचं नसतं. दौडत येतो तो मरणाची बातमी घेऊन येतो. जवळ जाऊन उतरले, खाकरले, सलाम घातला, आणि आतून हाक येण्याची वाट पाहत उभे राहिले. हेलिकॉप्टर येईपर्यंत उभेच होते. पंचवीस वर्षं त्यांच्या छातीवर एवढंच बसलंय: दौडत गेलो असतो, दार फोडलं असतं, तर ती पोरं वाचली असती.

माझे हात कणकेतच राहिले.

झुमादिलने विचारलं की टेकाडापासून किती पावलं. कोके म्हणाले, सहाशे-सातशे असतील. तो म्हणाला, सातशेच. आक्साकाल, म्हणाला, तुमचा लगाम तुम्ही ओढलाच नाही, तो वरून ओढला गेला. तुमची पावलंसुद्धा हिशेबातलीच. त्या दुपारी कोके मटणाचा दोन वाडगे सोर्पा प्यायले आणि भिंतीला टेकून झोपले. घोरत होते. बापाला घोरताना ऐकून मला किती वर्षं झाली होती, ते आठवेना.

मला भाबडी समजू नकोस. आजीच्या एकेचाळीस दाण्यांचा कौल मीही लावते. कुणाची घोडी हरवली की लोक माझ्याकडे येतात. दाणे उत्तर सांगतात, घोडी दक्षिणेला सापडते. दाण्यांना राग येत नाही आणि मलाही नाही. पण कोकेंना घोडी शोधायची नाहीये. सात तारखेला ते सगळ्यांसमोर सांगणार आहेत की हे लिहिलेलंच होतं. नियती जिवंतांच्या सुटकेसाठी असते म्हणतोस ना? आपला बापही जिवंत आहे. त्याची सुटका झाली तर तुझं काय जातं?

गुडघ्याला मेंढीची चरबी चोळ. माझे आशीर्वाद न मागता मिळतात, म्हणून त्यांना हलकं समजू नकोस.

तुझी अपा,
ऊर्किया


कारागांदा,
१२ सप्टेंबर १९९४

ती. अपास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. लिहायला बसलो की भाषण होत होतं. तीनदा फाडलं.

ती घटना घडली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, तुला आठवत असेल. सुट्टीत घरी आलो आणि कोकेंना मोठ्या अभिमानाने विचारलं की तुम्ही पहिले पोचलात, मग काय केलंत? ते म्हणाले, उभा राहिलो. मला तो विनय वाटला. माझा बाप किती साधा, म्हणून मी ही गोष्ट वर्गात सांगत आलो. वीस-बावीस वर्षं लोकांना इतिहास शिकवला आणि घरातलं एक वाक्य मला वाचता आलं नाही.

माझं काय जातं, असं विचारलंस. दोन दिवस मलाही वाटलं की काही जात नाही. झोपू दे त्यांना. मग वाटलं, झुमादिलने कोकेंना माफी दिली खरी, पण ती त्याच्याकडे होती कुठे? दौडून उपयोग झाला नसता, हे त्याला कुठून कळलं? त्याने सातशे म्हटलं कारण सातशे हवे होते. उधार आणलेल्या लाकडावर उभा केलेला तंबू आहे हा. मालक कधीही येऊन लाकूड मागेल.

आता खरी बातमी. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एर्ना फ्योदोरोव्ना नावाची डॉक्टरीण राहते. निवृत्त आहे. तिचा नातू माझ्या वर्गात होता. परवा त्याच्या आईकडून कळलं की त्या दिवशी हेलिकॉप्टरमधून उतरलेली डॉक्टर हीच. तेव्हा तिच्याकडून तोंड न उघडण्याच्या कागदावर सही घेतली होती. आता तो कागद लिहून घेणारा देशच उरला नाही. महिनाअखेर सगळं कुटुंब कायमचं जर्मनीला निघालंय.

मी गेलो. जिना चढलो. आणि अपा, दारापासून परत आलो. ती जर म्हणाली की जमिनीवर आले तेव्हा दहा मिनिटं तरी त्यांची नाडी चालू असणार, तर मी काय करू? सत्य, सत्य म्हणत मी आयुष्यभर टेबलं बडवली. आज ते दोन गल्ल्या पलीकडे राहतंय आणि मला घंटा वाजवायचं धैर्य नाही.

तू सांग. नको म्हणालीस तर विचारणार नाही. ती बाई गेली की प्रश्नच मिटेल. माझ्यावरचा राग कमी कर, प्रेम आहे तेवढं राहू दे.

एरसाइन


तासबुलाक,
२० सप्टेंबर १९९४

चि. एरसाइनजान यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तू दहा दिवस आधी मागितलं असतंस तर नको म्हणूनच लिहिलं असतं. तुझ्या तोंडात काही राहत नाही. चार वर्षांचा असताना भरल्या घरात पाहुण्यांना सांगितलंस की आईने चांगलं मांस मामासाठी पेटीमागे लपवलंय. उत्तर वाईट आलं तर तुझा चेहराच ते कोकेंना सांगेल, अशी मला भीती.

पण इथे वेगळंच सुरू झालंय. कोके रोज टेकाडावर जातात आणि तिथून दगडापर्यंत पावलं मोजतात. पहिल्या दिवशी सातशे बारा भरली. दुसऱ्या दिवशी सहाशे एक्क्याण्णव. आकडा जुळला नाही की पुन्हा वर चढतात. मी म्हटलं, कोके, माणसाचं पाऊल काय गजाने मापलेलं असतं? तर म्हणाले की बरोबर, त्या दिवशी चालला होता तो घोडा. मग घोडा घेऊन गेले. घोड्याची पाचशे चाळीस झाली. त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी अंगणात माझ्याकडे न बघता म्हणाले की सातशे नसतील तर ते लिहिलेलं नव्हतं, आणि लिहिलेलं नव्हतं तर मी चुकलो.

छातीच्या गोळ्या डॉक्टरने दिवसाला तीन दिल्यात. काल एकदम सात घ्यायला निघाले होते. डबी हातातून हिसकावून घ्यावी लागली. आता ती पिठाच्या पोत्यात लपवते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाच्या हातातून हिसकावलं मी.

घोरणं थांबलंय.

तेव्हा विचार. उत्तर चांगलं असेल तर मला वाचून दाखवता येईल असं लिही. वाईट असेल तर वेगळ्या कागदावर लिही, फक्त माझ्यासाठी. मी ते सांभाळीन. तू बोलायचं आणि मी सांभाळायचं, आपल्या घरात वाटणी अशीच झालीये. पण आता उशीर करू नकोस.

तुझ्या मोठ्या बहिणीचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज, आणि जा.

ऊर्किया


कारागांदा,
२७ सप्टेंबर १९९४

ती. अपास,
सा. न. वि. वि.

विचारलं. वेगळा कागद नाही. हे सगळं कोकेंना वाचून दाखव.

घरात खोकी बांधून ठेवली होती, गालिचे गुंडाळलेले. एर्ना फ्योदोरोव्नाने एका खोक्यावर चादर घातली आणि त्यावर चहा ठेवला. मी कोण ते सांगितल्यावर तिनेच आधी विचारलं की तो घोडेस्वार जिवंत आहे का.

ती म्हणाली की दोघे जमिनीवर आले तेव्हा जाऊन अर्धा तास होऊन गेला होता. यान अजून खूप वर होतं, हवेत शिरलंही नव्हतं, तेव्हाच आतली हवा निघून गेली. हवा धरून ठेवणारी एक रबरी कडी असते, तिला चीर होती. दोघांची शरीरं तपासून तिने स्वतः वेळ लिहिली. तिथे घोडा दौडवला असता, हेलिकॉप्टर दारात उतरलं असतं, जगातले सारे डॉक्टर वाट पाहत उभे असते, तरी काही करण्याजोगं उरलं नव्हतं.

पुढे चौकशीत तिला साक्षीला बोलावलं, तेव्हा आणखी एक गोष्ट तिच्या कानावर आली. चीर आहे हे कारखान्यातल्या एका माणसाने आधीच लिहून ठेवलं होतं. दुसऱ्याने त्याखाली चालेल असं लिहून सही केली. नावं तिला माहीत नाहीत. मी तीनदा विचारलं, ती तीनदा नाही म्हणाली.

आणि हे. वरून तिला कोके दिसले होते. वैमानिकाने शिवी हासडली, म्हणाला की बघा, लेकाचा चहाला निघाल्यासारखा चाललाय. तिला मात्र तेव्हा वाटलं, या दोघांकडे आज निदान एकजण तरी माणसांकडे जावं तसा चाललाय. खाली उतरल्यावर त्यांना सांगायचं होतं तिला, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही म्हणून. पण बरोबरच्या अधिकाऱ्याने तिला खांद्याला धरून बाजूला केलं. हे न सांगितलेलं वाक्य घेऊन जर्मनीला जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तिने हे सारं रशियनमध्ये एका पानावर लिहून, खाली सही आणि तारीख घालून दिलंय. पान सोबत आहे. सहा तारखेच्या बसने मी येतो. भाषण करणार नाही.

तुम्हा दोघांचा लोभ मला पुरून उरो.

एरसाइन


तासबुलाक,
१० ऑक्टोबर १९९४

चि. एरसाइनजान यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बस आली नाही. डिझेल नव्हतं म्हणे. बिबिश म्हणाली की अल्लाने गावावर दया केली, नाहीतर त्या दगडापाशी दोन भाषणं ऐकावी लागली असती.

पान मी तुझ्या पत्राच्या आधाराने कोकेंना कझाक करून वाचून दाखवलं, त्यांनी सांगितलं म्हणून दोनदा. मग विचारलं की अर्धा तास आधी? मी म्हटलं, हो. वरच? हो. आता छाती मोकळी होईल म्हणून मी बघत होते. ते म्हणाले की मग त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं. आणि रडले. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की उशीर झाला, चुकलं, पण ती पोरं आपल्याजवळ गेली. तेवढंही त्या पानाने काढून घेतलं. मला तुझा राग आला, आणि त्या बाईचाही. खरं सांगते.

त्यानंतर मात्र ते टेकाडाकडे गेले नाहीत. गोळ्या तीनच घेतात, डबी आता फळीवर असते.

सात तारखेला वारा होता. दगडावरचं कापड धरायला चार माणसं लागली. झुमादिलने अर्धा तास सांगितलं आणि शेवटी आक्साकालने पुढे येऊन पावलांचं सांगावं म्हणाला. कोके घोड्यावरून उतरले. त्या बोलायच्या यंत्रापाशी गेले आणि म्हणाले की सातशे मी अंदाजाने म्हटलं होतं. मोजायला गेलो तर दर वेळी वेगळी भरली. ती पोरं वरच गेली होती. एका कडीला चीर होती, एकाने ते लिहिलं आणि दुसऱ्याने चालेल म्हटलं. मोटारीतून आलेल्यांपैकी कुणाला त्याचं नाव माहीत असेल तर सांगा, मी थांबतो. आणि थांबले. तुला सांगते, टोपी सावरणं सोडून कुणी हालचाल केली नाही. झुमादिल घाईने म्हणाला की आक्साकाल थकलेत. तेव्हा मागून बिबिश ओरडली की थकला असशील तू, ते घोड्यावर आलेत, तू मोटारीत. लोक हसले. कापड ओढलं. दगडावर सात कोरलेले होतेच, ते काय जायचे नाहीत. कोकेंनी त्याखालीच हात पसरून दुवा मागितली.

नंतर झुमादिल चहाला आला. होय, दारातून परत पाठवला नाही. कोके त्याच्याशी नीट बोलले. निघताना तो मला म्हणाला की त्याचा धाकटा भाऊ तुमच्याच कारागांदाच्या खाणीत गेला, चार माणसांबरोबर. कशाने, ते कुणी सांगितलं नाही, तेव्हापासून तो मोजतो. मी त्याला आणखी एक वाडगा ओतला. काय करणार?

मग त्याने खिशातून एक पत्र काढलं. पिचुगिनची बायको जिवंत आहे. पेपरातलं वाचून तिने झुमादिलला लिहिलं होतं. रशियन पुरतं कळत नाही मला, पण एवढं कळलं: आकड्यांवरून सांगता येईल का, की जमिनीवर आला तेव्हा तो जिवंत होता? लोकांनी घाई केली असती तर वाचला असता का? तिलाही कुणी काही सांगितलेलं नाही. झुमादिलने दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. त्याला जमेना, म्हणाला. पत्र कोकेंच्या हातात ठेवून गेला.

कोकेंनी ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं की इथून टपाल रशियात पोचायला किती दिवस लागतात. मी म्हटलं, पोचलं तर महिना. ते म्हणाले की मग एरसाइनकडे पाठव, त्याच्या शहरातून आठवड्यात जाईल.

डॉक्टरणीचं पान आणि त्या बाईचं पाकीट, दोन्ही सोबत आहेत. पाठीमागे पत्ता आहे. पान मूळचंच पाठव, नक्कल नको; तिला सही दिसली पाहिजे. आपलं वाचून झालंय. माझी माया तुला मागावी लागत नाही, ती आहेच. पण आज मला उत्तर लिहायला बसू नकोस, त्या बाईला इतिहासही सांगू नकोस. पानाला पाकीट कर, कोट घाल आणि पोस्टात जा.

तुझी अपा,
ऊर्किया